छाती फुगवून दिलेलं माप

“छत्तीस.”

“अडतीस!”

“छत्तीस. तेही टेप सैल धरली म्हणून.”

“आत्या, मी रोज सकाळी व्यायाम करतो.”

“कर की. दंडांना कळलंय ते. छातीला अजून कोणी कळवलेलं दिसत नाही.”

“तू मुद्दाम आवळतेस.”

“आवळायला काही सापडलं असतं तर आवळलं असतं रे!”

मी पेन्सिल हवेत धरून बसले होते. समोरच्या वहीत अडतीसचा आकडा आधीच लिहिलेला होता, माझ्या भावाच्या हातचा, आणि त्याच्याखाली दोन ठसठशीत रेघा. आत्याने वही माझ्या हातातून ओढली, चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि पान वरपासून खालपर्यंत वाचलं.

“छाती बेचाळीस, कंबर अठ्ठावीस. छाती चव्वेचाळीस, कंबर एकोणतीस. ही पोरं आहेत की नरसाळी?”

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. वय त्रेसष्ट, गळ्यात टेप, तोंडात टाचण्या, आणि टाचण्या तोंडात असताना ती जास्त स्पष्ट बोलते. आई-बाबा दिवसभर कामावर असत, त्यामुळे आम्ही दोघं भावंडं शाळा सुटली की तिच्या दुकानात येऊन पडायचो. अजूनही मोठं काम आलं की मी ऑफिसातून रजा टाकून तिची वही सांभाळते. दुकान म्हणजे एका जुन्या इमारतीच्या जिन्याखालची लांबट खोली. बेतायचं टेबल, दोन मशिनं, इस्त्री, आणि कडेने काळा पडलेला एक उंच आरसा. वरून कोणी जिना उतरलं की धूळ टेबलावर पडते, म्हणून आत्याने वर जुन्या पडद्याचं कापड ताणलंय. तिने लग्न केलं नाही. कोणी विचारलंच तर म्हणते, “एकाचंही माप बसलं नाही.”

माझा भाऊ चोवीस वर्षांचा. सहा फूट उंच आणि समोरून पाहिलं काय, बाजूने पाहिलं काय, रुंदी तेवढीच. घरात त्याला सगळे खांब म्हणतात. फ्रीज दुरुस्तीचा कोर्स त्याने पहिल्या वर्गात पास केला. मग तीन ठिकाणी लागला आणि तिन्ही ठिकाणांहून ‘कळवतो’ म्हणून घरी पाठवला गेला. सहा महिन्यांपूर्वी तो दलात जायला लागला. दल म्हणजे पक्ष नव्हे, असं तो पहिल्या दिवसापासून सांगतोय. निवडणुकीत कोणत्या पक्षाला मत द्यायचं ते मात्र दलच सांगतं. आपली माणसं आधी, बाहेरच्यांनी बाहेर जावं, बायकांनी घर सांभाळावं आणि पुरुषांनी पुरुषासारखं राहावं, असं एकूण म्हणणं. हे शेवटचं नेमकं कसं करायचं ते विचारलं की खांब म्हणतो, “तुला नाही कळणार.”

तर त्या दलाच्या बावीस पोरांना जाकिटं हवी होती, आणि तेविसावं दलाच्या प्रमुखांना, त्यांच्या जुन्या जाकिटाच्या मापाचं. गडद राखाडी, दोन खिसे बाहेरून, एक आतून, पाच बटणं. येत्या रविवारी संचलन होतं. खांबाने छाती काढून सांगून टाकलं होतं की आमच्या आत्याचंच दुकान आहे. आत्या दाताच्या डॉक्टरकडे गेली त्या दुपारी त्याने बावीसही जणांना बोलावून घेतलं आणि स्वतःच मापं काढली. प्रत्येक पोरगा आरशासमोर उभा राहिला, पोट आत, छाती बाहेर, श्वास बंद. आणि खांबाने तोच आकडा इमानदारीने लिहिला. ही चूक फक्त त्याच्याच हातून व्हावी. दुसऱ्या कोणी माप घेतलं असतं तर निदान मनात शंका आली असती.

“सगळ्यांना परत बोलाव,” आत्या म्हणाली.

“नाही बोलावणार. प्रमुखांसमोर माझी काय इज्जत राहील?”

“संचलनात प्रत्येकाच्या जाकिटात आणखी एकेक पोरगा मावला, तर तेव्हा काय राहील?”

“म्हणतील, संख्या वाढली.”

हे तो गंभीरपणे म्हणाला. आत्याने पाठ फिरवली आणि इस्त्री उचलली, तरी तिचे खांदे हलत होते. खांबाला ते दिसलं. त्याने फोन काढला आणि संध्याकाळी पोरं आली.

माप घ्यायची आत्याची एक पद्धत आहे. कोटांच्या कारखान्यात सोळाव्या वर्षी लागली तेव्हा तिथल्या म्हाताऱ्या बेतणाऱ्याने शिकवलेली. टेप छातीभोवती घालायची आणि माणसाला काहीतरी विचारायचं. साधंसुधं नाही, जरा विचार करायला लावणारं. माणूस उत्तर द्यायला तोंड उघडतो, श्वास सुटतो, खरी छाती हाताला लागते. तेवढ्यात आकडा वाचायचा.

पहिल्याला विचारलं, “दिवसभर काय करतोस?”

तो सामान पोचवणारा होता. “दारं वाजवतो,” म्हणाला. “लोक फटीतून हात बाहेर काढतात. चार महिने झाले, मला फक्त हात दिसतात.” चाळीसची अडतीस झाली.

दुसऱ्याला विचारलं, “दलात कोणी आणलं?”

“आई दवाखान्यात होती. प्रमुख स्वतः गाडी घेऊन आले. माझ्या सख्ख्या काकाने फोनसुद्धा उचलला नाही.” त्रेचाळीसची एकोणचाळीस.

तिसरा परीक्षा तीनदा पास झाला होता आणि यादी तीनदा रद्द झाली होती. चौथा तिसऱ्याचा मित्र म्हणून आला होता. पाचव्याने विचार करून सांगितलं, “घरी बसवत नाही,” आणि त्याची छाती एकदम साडेचार इंचांनी बसली. आत्या दचकलीच. सहाव्याला तिने विचारलं, “बाहेरच्यांचा राग का येतो रे?” तो म्हणाला, “येतो म्हणजे... यायला नको का?” आणि त्याने माझ्याकडे पाहिलं, जसं काही उत्तर वहीत लिहिलेलं आहे.

मी आकडे लिहीत होते. खरं सांगते, पहिल्या चौघा-पाचांपर्यंत मला हसू येत होतं. नंतर मी मान खाली घालून फक्त लिहिलं.

आतल्या खिशाचं माप ठरवायला आत्या प्रत्येकाला विचारायची, आत काय ठेवणार? सगळे म्हणाले, मोबाईल. शेवटचा गेल्यावर तिने टेप गुंडाळली.

“तीस वर्षांपूर्वी याच आरशासमोर लाल शर्टांची मापं घेतली होती मी. कारखान्याच्या फाटकावर मुठी आवळणारी पोरं. त्यांच्याही छातीत दोन इंच खोटे होते. पण आतल्या खिशात कारखान्याचं कार्ड असायचं. मोजून कार्डाएवढा खिसा करायचे मी.”

“मग काय झालं त्यांचं?” मी विचारलं.

“कारखाना गेला. शर्ट बराच काळ टिकले. चांगलं कापड होतं.”

आता काजवाले काका. दाराजवळ उजेड येतो तिथे त्यांचं स्टूल. वीस वर्षं ते आत्याकडे बटणांची काजं करतात, हाताने. मशीनचं काज आत्याला दिसलं की ती तोंड फिरवते. काका बाहेरचे. म्हणजे दलाच्या भाषेत बाहेरचे. आमच्या भाषेत ते दाराजवळचे. त्यांच्या बोलण्यात अजूनही चहा बाई असतो आणि सुई पुरुष. “ताई, माझी चहा कुठे गेला?” असं म्हणाले की आत्या म्हणते, “दोघं एकत्र पळून गेले.” खांब लहान असताना काकांच्या मांडीवर बसून फुटकी बटणं दोऱ्यात ओवायचा. शाळेत मार खाऊन आला की घरी यायच्या आधी त्यांच्याकडे यायचा; ते त्याच्या शर्टाचं तुटलेलं बटण लावून द्यायचे, म्हणजे आईला कळू नये.

मंगळवारी खांब दलातून एक पुडकं घेऊन आला. आत छापील पट्ट्या होत्या, जाकिटाच्या आत गळ्यापाशी लावायच्या. ‘आपल्या हातांनी, आपल्यासाठी.’

“म्हणजे काय?” आत्याने विचारलं.

“म्हणजे आपल्याच माणसांनी शिवलेलं. प्रमुखांची अट आहे. बाहेरच्याचा हात लागलेला नको.” आणि मग आवाज खाली नेत, “काकांना आठवडाभर सुट्टी दे ना. भरपगारी.”

“तू सांग.”

“तू मालकीण आहेस.”

“अट माझी नाही.”

काका तेव्हा दुपारचं जेवायला गेले होते. ते परत आले आणि स्टुलावर बसले. खांब उठला, शर्ट खाली ओढला आणि त्यांच्याजवळ जाऊन उभा राहिला.

“काका.”

“बोल.”

“काका, ते... सुई ओवून देऊ?”

“दे की. डोळे कुठे राहिलेत आता.”

त्याने सुई ओवून दिली आणि परत आला. आत्याने टेबलाखालून मला एक बोट दाखवलं. दहा मिनिटांनी तो पुन्हा गेला आणि काकांचा गुडघा कसा आहे विचारून आला. दोन बोटं. तिसऱ्यांदा गेला तेव्हा सरळ मुद्द्यावर आला. “काका, तुम्ही खूप दिवसांत सुट्टी घेतली नाहीत.”

“तू घेतलीस ना सगळी,” काका म्हणाले. “माझी वाट्याला काय राहणार?”

आणि त्यांनी पट्ट्यांचं पुडकं ओढून उघडलं, एक पट्टी डोळ्यांजवळ नेऊन अक्षरं जुळवत वाचली आणि शांतपणे पहिल्या जाकिटाच्या गळ्याला टाचायला घेतली. “बरोबर लिहिलंय,” म्हणाले. “हात आपले आहेतच.”

आत्याने तिसरं बोट दाखवलं आणि मग आम्हाला राहवलं नाही. आत्या टेबलावर डोकं ठेवून हसली, मी वहीत तोंड घालून. काकाही हसले आणि धागा संपला म्हणून उठून कोपऱ्यावरच्या दुकानात गेले.

खांब हसला नाही.

“हसा,” तो म्हणाला. “तेवढंच येतं तुम्हाला.”

“अरे, गंमत...”

“सगळी गंमतच. नोकरी गेली, गंमत. मुलाखतीत अडखळलो, घरी येऊन सांगितलं, तर जेवताना त्याची नक्कल. ताई, तुला नोकरी लागली त्या दिवशी वीस माणसांसमोर तू काय म्हणालीस?”

मला आठवत होतं. मी म्हणाले होते, ‘आमच्या घरात खांब आहे, पण त्याच्यावर छप्पर ठेवायची हिंमत कोणाची होत नाही.’ खूप हशा आला होता. माझ्या चांगल्या वाक्यांपैकी एक.

“मीपण हसलो तेव्हा,” तो म्हणाला. “काय करणार? दलात पहिल्या दिवशी प्रमुखांनी विचारलं, तुला काय येतं. मी म्हटलं, फ्रीज दुरुस्त करता येतो. कोणी हसलं नाही. प्रमुख म्हणाले, असाच माणूस हवा होता आपल्याला. आत्या, तिथे ऑफिसात फ्रीज नाहीये! तरी म्हणाले!”

आत्याने इस्त्री बंद केली. “आणि काका? ते कधी हसले तुझ्यावर? आज सोडून?”

“नाही.”

“मग?”

“काकांबद्दल माझं काही नाहीच. काका वेगळे. मी बाकीच्यांबद्दल बोलतोय.”

“बाकीचे म्हणजे कोण?”

“म्हणजे सगळे.”

“भेटलायस?”

“एवढ्या सगळ्यांना कोण भेटत बसेल!”

एरवी आत्याने यावर आठवडाभर पुरेल एवढं सुनावलं असतं. मी तिच्याकडे पाहत होते. वाक्य तिच्या ओठांपर्यंत आलं होतं, टाचणीसारखं. तिने ते परत आत घेतलं.

“तुला काय हवंय, सांग.”

“शनिवारी प्रमुख जाकिटं बघायला येणार आहेत. सगळं नीट असलं तर मला पथकप्रमुख करणार आहेत. त्यांच्यासमोर माझं हसं करू नका. मी काही बोललो की त्याला फाटे फोडू नका. एवढंच.”

“नाही करणार.”

“शब्द?”

“शब्द,” आत्या म्हणाली. मीही म्हणाले.

“आणि काका?” मी विचारलं.

“त्यांना मी सांगतो,” खांब म्हणाला. “शनिवारच्या आत नक्की सांगतो.”

बुधवारी त्याने सांगितलं नाही. गुरुवारी काकांचा जुना चष्मा त्याने दुरुस्त करून आणला. शुक्रवारी दोघं मिळून उरलेली काजं मोजत बसले. एकशे पंधरापैकी नऊ बाकी होती. ती राहिली असती तर जाकिटं उघडीच गेली असती, आणि आत्याच्या बोटांना संधिवात आहे. म्हणजे काका नकोत असं म्हणणाऱ्या जाकिटांना काकांशिवाय बटण लागणार नव्हतं. हे सगळ्यांना दिसत होतं. पण आम्ही शब्द दिला होता.

“उद्या प्रमुख पाचला येणार,” खांब म्हणाला. “काका तीनला निघतातच शनिवारी. प्रश्नच नाही.”

प्रमुख अडीचला आले.

मला ते आवडायला नको होते, पण आवडले. पन्नाशीचे, स्वच्छ, आवाज बसका. आत शिरताना वाकले, कारण आमचं दार बुटकं आहे, आणि वाकलेले असतानाच आत्याला म्हणाले, “आत्या, दात कसा आहे आता?” दाताचं त्यांना खांबाने सांगितलं असणार, त्यांनी ते लक्षात ठेवलं होतं. माझ्याकडे वळून म्हणाले, “ताई तुम्हीच ना? हा तुमच्याबद्दल फार सांगतो.” मागे पाच-सहा पोरं, जिन्यापाशी दाटीवाटीने उभी.

काका दाराजवळ स्टुलावर होते. त्यांच्या मांडीवर प्रमुखांचंच जाकीट होतं. शेवटचं काज पूर्ण झालं होतं, धागा तेवढा तोडायचा होता. प्रमुख माझ्याशी बोलत होते तेवढ्यात त्यांनी तो तोडला, जाकीट झटकलं आणि दोन्ही हातांनी पुढे केलं; खांबाने ते पटकन घेऊन प्रमुखांना दिलं.

प्रमुखांनी ते उजेडात धरलं. काजावरून अंगठा फिरवला. एकदा, दोनदा. “असं काज मी माझ्या वडिलांच्या कोटावर पाहिलं होतं,” म्हणाले. “टाका दिसतच नाही. कोणी केलं हे?”

जिन्यापाशी उभी असलेली पोरं पुढे वाकली.

“आत्याने,” खांब म्हणाला.

प्रमुखांनी मान डोलावली. मग त्यांची नजर स्टुलावर गेली. “आणि हे?”

खांबाने शर्ट खाली ओढला.

“हे गिऱ्हाईक आहेत.”

जिन्यावरून कोणीतरी उतरलं. वरचं कापड हललं आणि थोडी धूळ टेबलावर पडली. मी आत्याकडे पाहिलं. आजवर आत्याने कारखान्याच्या मॅनेजरला उत्तर दिलंय, घरमालकाला दिलंय, शिलाई बिघडली म्हणून ओरडायला आलेल्या पोलिसालाही दिलंय. तिच्या तोंडात टाचणीसुद्धा नव्हती. ती खांबाकडे बघत होती आणि खांब तिच्याकडे, लहानपणी बटण तुटल्यावर काकांकडे बघायचा तसा.

आत्या काही बोलली नाही. मीही नाही.

“आमच्यामुळे तुमचं काम रखडलं असेल,” प्रमुख काकांना प्रेमाने म्हणाले. “काय शिवायला टाकलंय?”

काका जरा हसले. मान हलवली, काही नाही अशी. तोंड उघडलं नाही; एका वाक्यात ते बाहेरचे आहेत हे कळलं असतं.

प्रमुखांनी जाकीट अंगात घातलं. आरशात पाहिलं. मग खांबाच्या खांद्यावर हात ठेवून त्याला जिन्याच्या दिशेने वळवलं आणि पोरांना म्हणाले, “हे तुमचे नवे पथकप्रमुख.” पोरांनी टाळ्या वाजवल्या. सामान पोचवणारा सगळ्यात जोरात वाजवत होता. खांबाचे कान लाल झाले, आणि त्याची मान अशी ताठ झाली की मला क्षणभर वाटलं, याच्यावर छप्पर ठेवता येईल.

ते सगळे गाठोडी घेऊन बाहेर पडले. खांब दोन मिनिटांनी परत आला, एकटाच.

“काका,” तो म्हणाला, “तेवढ्यापुरतं म्हटलं हो. वेळच तशी होती.”

काका सुई टोचू नये म्हणून बोटात घालायची पितळी टोपी काढत होते. रोज ते ती टेबलाच्या खणात ठेवायचे, आज त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवली. चष्मा घडी करून ठेवला. उठून स्टूल भिंतीला लावलं.

“तुम्ही बोलला असता ना, तर मी...” खांब म्हणाला. “काका, ऐका ना. माझं तुमच्याविरुद्ध काही नाही.”

काकांनी पायात चपला सरकवल्या.

“अहो,” आत्या टेबलामागून बाहेर आली. तिचा आवाज मला ओळखू आला नाही. “पोराला शब्द दिला होता मी. हसायचं नाही म्हणून. एवढाच शब्द होता.” मग, काका दारात वाकले तेव्हा, घाईघाईने, “सोमवारी या हं. शाळेचे गणवेश आलेत, काजं पुष्कळ आहेत. येताय ना?”

काकांनी दार हळूच ओढून घेतलं, नेहमी घेतात तसं, धूळ आत येऊ नये म्हणून, आणि जिन्याशेजारून रस्त्यावर गेले.